कऱ्हा कोरडी का, आणि तरी तिच्या काठी इतकं काय काय घडलं?

तुमचं आजोळ मोरगावच्या बाजूचं. लहानपणी सुट्टीत गेलात की "ही आपली नदी" म्हणून जे दाखवायचे त्यात वाळू, वेड्या बाभळी आणि मधेच एखादं डबकं. पुस्तकात मात्र वाचलंत की कऱ्हा ही नीरेची उपनदी, उगम पुरंदरच्या डोंगरात. मग डोंगरातून येणारी नदी कोरडी कशी, ती पहिल्यापासून अशीच होती की आपण केली, आणि असल्या नदीच्या काठी एवढा इतिहास कुठून आला, असं तुम्ही विचारलंय. भूजल सर्वेक्षणाच्या नोकरीत माझी बरीच वर्षं या खोऱ्यातल्या विहिरींची पाणीपातळी मोजण्यात गेली. त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

सगळा घोटाळा "सह्याद्रीत उगम" या दोन शब्दांनी होतो. नीरा सह्याद्रीत उगम पावते हे खरं. भोरच्या पश्चिमेला, मुख्य रांगेच्या अंगावर, जिथे पाऊस कोसळतो तिथे ती जन्मते. कऱ्हेचं तसं नाही. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे काही फाटे फुटलेत, त्यातल्या दोन फाट्यांच्या बेचक्यात कऱ्हा आहे. उत्तरेला कात्रज, बोपदेव, दिवे घाट आणि पुढे भुलेश्वरपर्यंत गेलेली रांग, दक्षिणेला पुरंदर-वज्रगडापासून जेजुरीकडे गेलेली रांग. पश्चिमेला ही बेचकी बंद होते ती गराड्याच्या डोंगरात. तिथून पलीकडे उतरलात तर समुद्राकडे जाणारा कडा लागत नाही, शिवगंगेचं खोरं लागतं, म्हणजे खेड शिवापूर. शिवगंगेचंही पाणी फिरून शेवटी नीरेलाच जातं. म्हणजे कऱ्हेच्या डोक्यावर जो ढग येतो तो आधी मुख्य रांगेवर आणि मधल्या खोऱ्यांवर रिकामा होऊन येतो. गराड्याला जुलैत उभं राहिलात तर पश्चिमेचं आभाळ काळंभोर दिसतं, वारा टोपी उडवतो आणि अंगावर पडते ती नुसती भुरभुर.

पर्जन्यछाया म्हणतात ती हीच. खाली बारामतीपर्यंत जाता जाता वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. नीरा आणि कऱ्हा यांच्यात कित्येक ठिकाणी एका डोंगररांगेचंच अंतर, पण एक पाण्यावाली आणि दुसरी वाट बघणारी.

आता एक गंमत. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाताना तुमच्या लक्षात आलंय का, की घाट चढतो पण पलीकडे तेवढा उतरत नाही? पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, सासवड ७६० च्या आसपास. कऱ्हेचं वरचं खोरं हे पुण्याच्या डोक्यावर दोनशे मीटर उंच ठेवलेलं ताट आहे. म्हणून जुन्या कागदांत या भागाचं नावच कऱ्हेपठार. (जेजुरीचं कडेपठार वेगळं. ते खंडोबाचं जुनं ठाणं, डोंगरावरचं. दोन्हींची गल्लत चांगले चांगले लोक करतात.) या पठारावरून नदी पूर्वेला, मग आग्नेयेला उतरत जाते. बारामती साडेपाचशे मीटरच्या आत-बाहेर आहे, म्हणजे दोनशे मीटर खाली. सरळ रेषेत मोजलं तर उगमापासून नीरेच्या संगमापर्यंत ऐंशीएक किलोमीटर भरेल. नदीच्या वळणांनी चाललात तर अर्थात जास्त.

उगमाची कथा अशी सांगतात: गराड्याच्या डोंगरावर चतुर्मुखाचं देऊळ आहे, तिथे ब्रह्मदेव तपाला बसला होता, त्याचा कमंडलू कलंडला आणि त्या पाण्याची नदी झाली. करा म्हणजे कमंडलू, लग्नात करवलीच्या हातात असतो तोच करा, त्यावरून कऱ्हा. कमंडलू कुणी कलंडला यावर गावागणिक मतं बदलतात, बहुतेक ठिकाणी पांडवांचं नाव निघतं. व्युत्पत्ती खरी की मागाहून जुळवलेली यात मला पडायचं नाही. पण नदीला गंगेसारखा जटेतून सुटलेला लोंढा न देता एका भांड्यातलं पाणी देणारा माणूस ही नदी ओळखून होता, एवढं मी म्हणेन.

सासवडला कऱ्हेला पहिली मोठी सोबत मिळते. बोपदेव घाटाच्या बाजूने येणारी चांबळी नदी, तिला भोगावतीही म्हणतात, इथे मिळते आणि संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. जवळच नदीकाठी चांगावटेश्वर. ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ सोपानदेव यांची १२९६ सालची समाधी सासवडलाच. म्हणून आषाढीला ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते आणि सोपानकाकांची पालखी सासवडहून निघते. पुढे जेजुरी. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी गडावरून उतरून कऱ्हेत स्नानाला जाते. नदीला पाणी असो नसो, देव स्नानाला येतो. पाणी नसलं तर माणसं सोय करतात.

जेजुरीच्या पुढे नाझरे धरण, त्याचंच नाव मल्हारसागर. मग पांडेश्वर, जिथल्या देवळाचं जुनं विटांचं बांधकाम बघण्यासारखं आहे आणि जिथे पांडवांनी यज्ञ केल्याचं सांगतात. मग तुमचं मोरगाव, अष्टविनायकांतला पहिला मयूरेश्वर. चिंचवडच्या मोरया गोसावींना स्नान करताना कऱ्हेत गणपतीची मूर्ती सापडली अशी परंपरा आहे. त्यानंतर नदी बारामतीत शिरते आणि सोनगावाजवळ नीरेला मिळते. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेत, भीमा कृष्णेत. गराड्यावर पडलेला थेंब, वाटेत कुणी उपसला नाही तर, बंगालच्या उपसागरात जातो.

मोरगावची आणखी एक गोष्ट आहे, तिच्यासाठी मी थोडा थांबणार आहे. मंदिरात जाणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना ती माहीत नसते.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मोरगावच्या खालच्या बाजूला एका शेतकऱ्याला मी नदीपासून दोनशे फुटांवर विहीर घ्यायला सांगितली. माझा हिशोब सरळ होता, नदी जवळ म्हणजे पाणी जवळ. खोदाई सुरू झाली. खडक काही लागेना. दहा फूट, वीस फूट, नुसती पिवळट, मऊ, बारीक गाळाची माती. तिसाव्या फुटावर विहिरीची एक बाजू ढासळली, नशिबाने आत कुणी नव्हतं. पाणी लागलं ते घागरभर. असल्या बारीक गाळात पाणी मुरतं पण सुटत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि तरी मी तिथे विहीर सांगितली होती. शेतकरी काही बोलला नाही, फक्त ढिगाऱ्यातून एक पांढरं ढेकूळ उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "साहेब, ही राखुंडी बघा, भांडी घासायला झक्क आहे."

मला ती चुनखडी वाटली. पिशवीत पातळ आम्लाची बाटली असायचीच, एक थेंब टाकला. चुनखडी असती तर फसफसली असती. काही झालं नाही. बोटांत चोळली तर पिठासारखी मऊ आणि तरी किंचित करकरीत. शेतकऱ्याचा शब्दच बरोबर होता, ती राख होती. ज्वालामुखीची.

मोरगावला कऱ्हेच्या काठच्या दरडीत असा राखेचा थर आहे आणि त्याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारं, हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला अशी राख आधी सापडली होती. महाराष्ट्रातले ज्वालामुखी तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालेत, मग ही राख आली कुठून? इंडोनेशियातून, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, वाऱ्यावर. भांडण आहे ते कधी आली यावर. एक पक्ष म्हणतो, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची. दुसरा म्हणतो, त्याहून कित्येक पटींनी जुन्या उद्रेकाची, कारण सोबतची हत्यारं फार जुन्या घडणीची आहेत. हत्यारं घडवणारा माणूस किती प्राचीन हे त्या राखेच्या वयावर ठरतं, म्हणून भांडण इतकं चिवट. मला त्यातलं भावतं ते वेगळंच. समुद्रापलीकडून आलेली राख थराने टिकायची तर ती पडल्यावर झटपट गाळाखाली झाकली जायला हवी. म्हणजे त्या काळी इथे कऱ्हा गाळ वाहून आणत आणि पसरवत होती. आज ती उलटं करते. आपणच पसरवलेला गाळ कापत खाली उतरली आहे, काठाला उंच दरडी आणि घळी पडल्यात. तुम्ही आजोळी ज्या दरडीवरून वाळूत उड्या मारल्यात, ती दरड म्हणजे जुन्या कऱ्हेचं पात्र, आणि वाळू म्हणजे नव्या कऱ्हेचं.

आता इतिहासाकडे. लोक मला विचारतात, पाणी नाही तर सत्ता इथे का आली? उत्तर जमिनीच्या आकारात आहे. उंचावरचं सपाट खोरं, उत्तरेला पुण्याकडे उतरणारे घाट, दक्षिणेला पुरंदरसारखा किल्ला. फौजेला वाहतं पाणी हवंच असं नाही, डोह, विहिरी आणि वैरण मिळाली तरी छावणी पडते. १६४८ साली आदिलशाही सरदार फत्तेखान आला तो बेलसरला उतरला, म्हणजे थेट कऱ्हेच्या खोऱ्यात, आणि शिवाजी महाराज समोर पुरंदरावर. स्वराज्याच्या पहिल्या मोठ्या लढायांपैकी ही एक. १६६५ ला मिर्झाराजे जयसिंगांनी सासवड गाठून पुरंदरच्या वाटेवर छावणी टाकली, दिलेरखानाने गडाला वेढा घातला, मुरारबाजी पडले, आणि जूनमध्ये तह होऊन तेवीस किल्ले गेले. त्याआधी आठच वर्षं, १६५७ ला, संभाजी महाराजांचा जन्म याच पुरंदरावरचा. गडावर उभं राहून उत्तरेला बघितलं की सगळं कऱ्हेचं खोरं तळहातासारखं दिसतं. पाऊस नुकताच उघडलेला असेल तर नदीची रेघही दिसते.

पेशवाईत सासवड आणखी वर आलं. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० साली सासवडलाच वारले. पुरंदऱ्यांचा वाडा नदीकाठी. उत्तरेच्या रांगेवर सोनोरीच्या माथ्यावर पानशांनी बांधलेला मल्हारगड हा मराठ्यांनी बांधलेल्या शेवटच्या किल्ल्यांपैकी, १७६० च्या आगेमागे पुरा झालेला. १७७६ ला इंग्रजांशी झालेल्या तहालाही पुरंदरचंच नाव. खाली बारामतीत बाबूजी नाईकांचा वाडा कऱ्हेच्या काठी, आणि त्यांच्या आश्रयाला राहिलेले मोरोपंत. पंतांच्या आर्या कऱ्हेकाठच्या आहेत. आचार्य अत्रे कोढीतचे, सासवडजवळचे, जन्म १८९८ चा. त्यांनी आत्मचरित्राला या नदीचंच नाव दिलं, आणि महाराष्ट्रातल्या अर्ध्याअधिक लोकांना कऱ्हा हे नाव माहीत आहे ते त्यामुळे. नदी न पाहता.

पण या खोऱ्याचं नशीब ज्याने पालटलं ते लढाईने नव्हे, एका कालव्याने. १८७६-७७ चा दुष्काळ दख्खनला भाजून गेला. त्या सुमाराला निघालेल्या कामांतून नीरा डावा कालवा झाला, १८८० च्या दशकात त्याला पाणी आलं, आणि त्याला पुरवठा करायला वर भाटघरचं धरण. कालवा नीरेच्या डाव्या अंगाने चालतो आणि बारामतीच्या भागात कऱ्हा ओलांडून इंदापूरकडे जातो. उन्हाळ्यात तिथे उभं राहिलात तर एका नजरेत सगळं समजतं: नदी कोरडी, आणि तिला आडवा जाणारा माणसाने खणलेला पाट भरलेला. मुख्य नदीचं पाणी उपनदीच्या खोऱ्यात आलं, पण ते फक्त कालव्याच्या खालच्या अंगाला. एकाच बारामती तालुक्याचे दोन तालुके झाले. बागायती पट्ट्यात ऊस, साखर कारखाने. जिरायती पट्ट्यात, म्हणजे तुमच्या आजोळाकडे, बाजरी, ज्वारी, मेंढरं आणि टँकर. "जिरायत भागातला आहे" हे वाक्य तिकडे सोयरीक जमवताना अजून बोललं जातं.

वरच्या अंगाने, पुरंदरात, लोकांनी निराळा मार्ग काढला. हलकी, मुरमाड, उताराची जमीन, थोडं पाणी, यावर जे येतं ते लावलं. सीताफळ आणि अंजीर. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बागाईतदार कौतुकाने सांगतात त्यापेक्षा यात नाइलाज जास्त आहे, पण नाइलाजातून आलेली अक्कलही अक्कलच.

आता तुमचा मधला प्रश्न: नदी पहिल्यापासून अशी, की आपण केली? दोन्ही. बारमाही ती कधीच नव्हती, वर सांगितलेल्या कारणाने असूच शकत नव्हती. पण पावसाळ्यानंतर ती किती दिवस वाहायची, यात फार फरक पडलाय. जुनी माणसं सांगतात की संक्रांतीपर्यंत धार असायची आणि नंतरही वाळूत हातभर झरा खणला की प्यायचं पाणी मिळायचं. हे मला पटतं, कारण वाळू म्हणजे नदीची टाकी. पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात थेंबथेंब सोडते. बांधकामासाठी ती उपसून नेली, खालचा कातळ उघडा पडला, आता पाणी थांबायला जागाच नाही. त्यात दोन्ही काठांना बोअरवेल. विहिरीचं पाणी नदीच्या तळापेक्षा खाली गेलं की नदी विहिरीला पाणी देऊ लागते. आधी ते उलटं होतं, विहिरींच्या बाजूने झिरपणारं पाणी नदीला चालतं ठेवायचं. वर गराड्याचं, मग नाझऱ्याचं धरण, मधे बंधारे आणि पाझर तलाव. एकेक काम पाहिलं तर चूक कुठलंच नाही. प्रत्येक गावाने आपल्यापुरतं पाणी अडवलं आणि बेरजेत खालची नदी गेली.

एक गोष्ट मात्र नवख्यांना चकवते. कऱ्हेला पूर येतो, आणि तो जुलैत येत नाही. ही परतीच्या पावसाची नदी आहे. उत्तरा, हस्त या नक्षत्रांत दुपारनंतर पूर्वेकडून आभाळ भरतं आणि दोन तासांत सगळं ओतून मोकळं होतं. हस्ताला हत्तीचा पाऊस उगाच म्हणत नाहीत. २०१९ चंच घ्या. त्या उन्हाळ्यात खोऱ्यात टँकर फिरत होते. आणि २५ सप्टेंबरच्या रात्री कात्रज ते गराडे या रांगेवर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. रांगेच्या उत्तर अंगाला पडलेलं पाणी आंबील ओढ्याने पुण्यात शिरलं, माणसं गेली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच पावसाचं दक्षिण अंगाला पडलेलं पाणी कऱ्हेत उतरलं. नाझरे भरून वाहिलं, बारामतीत नदीकाठच्या वस्त्या रातोरात हलवाव्या लागल्या. एकाच डोंगराच्या दोन उतारांवरचं पाणी, पण पुढे एकाची बातमी शहराची झाली आणि दुसऱ्याची तालुक्याची. वर्षानुवर्षं कोरड्या दिसणाऱ्या पात्रात घरं, टपऱ्या, भराव येतात ते "नदीला पाणी कुठं असतंय" या भरवशावर. तो भरवसा कऱ्हेवर कधीच ठेवू नका.

सध्या या खोऱ्यात पाणी येतं ते जवळजवळ सगळं बाहेरचं. दक्षिणेकडून नीरेचं. उत्तरेकडून पुरंदर उपसा योजनेचं, म्हणजे पुण्याने वापरून मुळा-मुठेत सोडलेलं पाणी, पंपाने रांग चढवून आणलेलं. मी त्यावर नाक मुरडणाऱ्यांतला नाही, तहानलेल्या बागेला ते पाणी जीवदान आहे. पण विहिरींच्या पाण्याची चव आणि क्षार दोन्ही बदलताहेत, आणि ते मोजत राहायला हवं. प्यायला त्या भागातलं विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय घेऊ नका, एवढं मी माझ्या नातेवाइकांनाही सांगतो.

तुम्हाला नदी समजून घ्यायची असेल तर गणेशजयंतीच्या गर्दीत नका जाऊ. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जा. सकाळी गराडे, दुपारपर्यंत सासवडचा संगम, मग नाझरे, आणि ऊन उतरताना मोरगावच्या खालची दरड. तिरप्या उन्हात थर सुटे दिसतात. पिवळ्या मातीत कुठे पांढरट पट्टा दिसला तर नखाने जरासा खरवडून बघा, पण ढेकूळ घरी आणू नका, तिथे अजून बरंच मोजायचं राहिलंय. आणि मावशीला, मामाला विचारून ठेवा, त्यांच्या लहानपणी गावची बायामाणसं वाळूत झरे नक्की कुठे खणायची. त्या जागा कागदावर मांडून मला पाठवल्यात तर मी माझ्या जुन्या विहिरींच्या नोंदींशी ताडून पाहीन.